चौथी फाइल

त्या दिवशी डोंगरावरून येणारा आमचा बुर्या वारा असा सुटला होता की दार उघडलं तेव्हा आधी टोपी आत आली आणि मागून माणूस. टोपी थेट माझ्या टेबलावर!

"माफ करा... माझी आहे ती."

"आणि हा ई-मेलही तुमचाच ना?" मी पडद्याकडे बोट केलं. "गाशपेर, द्राक्षमळ्यांची मोजणी करणारे?"

"हो, मीच—"

"अहो, नकाशाची शेपफाइल पाठवायची म्हणजे चार फाइली पाठवायच्या. एक आकाराची, एक माहितीच्या तक्त्याची, एक अनुक्रमाची आणि चौथी, कुठल्या पद्धतीनं मोजलं ते सांगणारी. तुम्ही नुसता आकार पाठवलात. नगरपालिकेनं त्याचं काय करायचं? नवरदेव आला आणि वऱ्हाड घरीच!"

त्याचे कान लालबुंद झाले. "म्हणून तर स्वतः आलो," म्हणत त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

पुढच्या वेळी तक्ता राहिला. त्याच्या पुढच्या वेळी अनुक्रम. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मोजणीत सूतभर न चुकणारा माणूस दर वेळी कुठली ना कुठली फाइल कसा विसरतो? आणि ती द्यायला येताना आईच्या हातचा अक्रोडाचा केक, पोतित्सा, आणायला मात्र विसरत नाही!

"तुम्ही मुद्दाम विसरता," एकदा मी म्हटलंच.

"तू म्हण ना."

"बरं. तू मुद्दाम विसरतोस."

"कळायला इतके दिवस लागले?" तो हसला, मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "ब्रीना, एक बोलायचंय. पुढची फाइल घेऊन येईन ना, तेव्हा..."

"आत्ता बोल की. वारा ऐकेल म्हणून घाबरतोस?"

"तेव्हाच." त्याने माझ्या कपाळावरची बट हळूच मागे सारली आणि घाईघाईने निघून गेला. टोपी इथेच विसरला. मी ती माझ्या कोटाशेजारी खुंटीला अडकवली. तो हिवाळा मी कसा काढला, माझं मला ठाऊक!

आदल्या वर्षी वेलींना पिवळा रोग लागला होता. रोगट मळा मुळासकट उपटायचा, असा आमच्याकडे कायदाच आहे. कोणते मळे उपटायचे, त्याचा नकाशा गाशपेरने करायचा आणि आम्ही तो मळे उपटणाऱ्या यंत्रवाल्यांना द्यायचा. नकाशा आला तेव्हा मी नेमकी घरी, तापाने फणफणलेली. फोन वाजला.

"इथे तुझी खुर्ची रिकामी आहे."

"ताप आलाय रे. या वेळी काय राहिलं?"

"चौथी. खिशात आहे."

"मग शेजारच्या टेबलावरच्या मिलेनाबाईंना दे की!"

"त्यांच्यासाठी नाही आणली. तू बरी हो... तुझ्याच हातात देतो."

फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून हसले. वेडी कुठली!

तो दारातूनच परत गेला. यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. आमच्या देशात मोजणीच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. चौथी फाइल नसली की सॉफ्टवेअर विचारतं, कुठली धरू? मिलेनाबाईंनी आयुष्यभर वापरलेली जुनी धरली. मोजणी होती नवीतली. नकाशा अर्धा किलोमीटर सरकला.

रोगट मळा तसाच राहिला. उपटला गेला गावातल्या सिल्वेस्टर आजोबांचा, पिनेला जातीच्या द्राक्षांचा, अगदी निरोगी. ते मुलीकडे गेले होते. परतले तेव्हा, ताप उतरताच, मी तिथे गेले होते. नुकत्याच छाटलेल्या आणि आता मुळासकट उपटलेल्या वेलींचा ढीग पडला होता आणि कापल्या टोकांवर अजून ओल होती. आजोबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक वेल उचलली आणि तिच्या मुळांवर आपला कोट घातला. मला रडू आवरेना.

प्रमुखांच्या खोलीत चौकशी झाली. फाइल दिलीच नसेल तर गाशपेरचा परवाना जाणार, आमच्याकडे हरवली असेल तर मिलेनाबाईंची नोकरी. मी त्याच्याकडे एकटक बघत होते. बोल रे. नुसतं 'विसरलो' म्हण, मी जन्मभर तुझ्या बाजूने उभी राहीन...

तो खिडकीकडे बघून म्हणाला, "मी ती स्वतः आणून मिलेनाबाईंच्या टेबलावर ठेवली. पहारेकऱ्याने मला येताना पाहिलंय."

"अरे, माझ्याकडे बघून बोल ना!" मिलेनाबाई कळवळून म्हणाल्या.

मी उठले. "खोटं आहे हे. फाइल त्याच्या खिशात होती. तो दर वेळी एक मागे ठेवतो, मला भेटायला निमित्त हवं म्हणून. त्याचं माझ्यावर प्रेम आहे. आणि... माझंही त्याच्यावर आहे."

जे त्याच्या तोंडून ऐकायला जीव टांगून बसले होते, ते शेवटी मीच बोलले. तेही चार लोकांसमोर, साक्ष म्हणून.

प्रमुखांनी चष्मा काढला. "गाशपेर?"

"ब्रीनाबाईंचा काहीतरी गैरसमज झालाय," तो म्हणाला. "तसं काही नव्हतं."

जाताना त्याने माझ्या कोटाशेजारची टोपी काढून घेतली.

माझं कुणी खरं मानलं, कुणी नाही. मिलेनाबाईंना घरी बसवलं, त्याला नुसती ताकीद मिळाली. रोगट मळ्याचा नकाशा पुन्हा मागवावा लागला. तो ई-मेलने आला त्या सकाळी मी एकेक फाइल मोजत गेले. आकार होता. तक्ता होता. अनुक्रम होता. आणि खाली... चौथीही होती.

या वेळी तो काहीच विसरला नव्हता.