नापास पिल्लांना घर हवंय

"दाखवतो, पण ओरडायचं नाही," असं म्हणत रुद्रने फोन अंजलीच्या नाकासमोर धरला.

इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघांची बैठक भरली होती. परीक्षेची शाई अजून बोटांवरून गेली नव्हती. वैष्णवी सर्वांत मोठी, म्हणजे तेरा वर्षांची. ती कुणाच्या तरी स्कूटरवर बसून सुट्टीचे बेत ठरवत होती आणि बाकीच्या दोघांनी ते मुकाट ऐकायचे, असा तिचा नियम होता.

फोनवर 'अजब अरेना' उघडला होता. हा खेळ माहीत नसलेलं पोर नाशकात शोधायचं, तर गोदावरीच्या तळाशी बुडी मारावी लागली असती. अजब प्राणी पाळायचे, त्यांच्या जोड्या लावायच्या, अंडी मिळवायची. मग फोन खिशात घालून चालत सुटायचं, की अंडं फुटून पिल्लू बाहेर येतं. पिल्लाला जन्मतःच तारे मिळतात. सहा तारे असले तर ते स्पर्धेत उतरायचं, कमी असले तर नापास. पट्टीचे खेळाडू एका सहा ताऱ्यांच्या पिल्लासाठी ढीगभर अंडी उबवतात आणि नापासांना एक बटण दाबून कायमचं पुसून टाकतात. वैष्णवीने तर चालून चालून इतकी अंडी फोडली होती, की ती दिसली की रस्ताच तिला चुकवून पलीकडच्या गल्लीत शिरायचा, असं रुद्र शपथेवर सांगायचा.

रुद्रच्या फोनवर एक पिल्लू बसलं होतं. मुंगसाचं लग्न फणसाशी लावलं तर जे होईल, तसं. तारा एकच. कुणीतरी भेट पाठवलं होतं. नाव होतं 'चिंगळी रडकी'. आणि खाली, उबवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'सार्थक'.

अंजली ओरडली नाही. तिच्या हातातली कैरीची फोड तेवढी खाली पडली.

तिला चिंगळी म्हणणारा जगात एकच माणूस होता, तिचा सार्थकदादा. आणि तो दिवाळीच्या आधीच गेला होता. रक्ताचा आजार होता. दादा नापास पिल्लांना कधी पुसायचा नाही. "त्यांनी माझं काय घोडं मारलंय?" म्हणायचा आणि एकेकाला काहीच्या काही नाव देऊन ठेवून घ्यायचा.

तो गेल्यावर त्यांच्या घरातच राहणाऱ्या महेशकाकांनी एका दुपारी त्याची सायकल, कपडे, पुस्तकं, सगळं वाटून टाकलं होतं. "डोळ्यांसमोर नको. वहिनींना त्रास होतो," म्हणाले. फोनचं विचारलं, तर "हॉस्पिटलात हरवला असेल." अंजलीकडे दादाचं म्हणून एक पेनसुद्धा उरलं नव्हतं.

"कुणीतरी त्याचा फोन चोरलाय," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि त्याची पिल्लं वाटून संपवतोय. मला ती परत हवीत. संपायच्या आत."

वैष्णवी स्कूटरवरून खाली उतरली. "भेट कुठे मिळाली?"

"पिंपळगावला. काल पप्पांच्या टेंपोतून गेलो होतो ना, द्राक्षांच्या पॅकहाउसला."

"भेट देणारा आणि घेणारा एकाच आवारात लागतात. म्हणजे चोर तिथलाच."

"पण तिथे इतके जण खेळत होते, मलाच का दिलं?"

वैष्णवीने त्याचा फोन चाळला. "तुझ्याकडे नापास किती आहेत रे?"

"सगळे. पुसायचा कंटाळा येतो."

"मग बरोबर आहे. त्याला पिल्लं न पुसणारा माणूस हवा होता. तुझ्या आळसाला तो दया समजला."

पिंपळगावला जायची परवानगी मिळवणं सोपं होतं. रुद्रने पप्पांना सांगितलं, की महेशकाका हो म्हणालेत. अंजलीने महेशकाकांना सांगितलं, की रुद्रचे पप्पा नेतायत. मोठ्या माणसांचं एक असतं, दुसऱ्याने चौकशी केली असेल म्हणून प्रत्येक जण निवांत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं टेंपोत चढली, तेव्हा गाडीत मोठं माणूस म्हणून फक्त ड्रायव्हर गोटीरामकाका होते. टेंपो असा, की ओझर येईपर्यंत त्याला दोन बैलगाड्या आणि नाचत नाचत निघालेली एक वरात मागे टाकून गेली.

"पोराहो, उतरून जरा बाजूनं चालता का?" गोटीरामकाका म्हणाले. "चढ लय हाय. तुमची अंडी बी फुटतील."

पॅकहाउसमध्ये हंगामाची शेवटची द्राक्षं आली होती. आत बायका कात्रीने घड साफ करत होत्या, अंगणात रिकाम्या क्रेटच्या भिंती उभ्या होत्या. रुद्रने फोन उघडा धरून एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत फोन थरथरला. नवी भेट आली होती, 'महेशकाका घोरतो', तारे दोन.

अंजलीला फस्सकन हसू आलं. आणि मग ते हसू थांबवायला गेली, तर डोळ्यांतून पाणीच आलं. दादा किती तरी महिन्यांनी तिच्याशी बोलला होता.

वैष्णवीने आजूबाजूला पाहिलं. टेंपोवाले, हमाल, जेवायला बसलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन. "यातला कोण, कसं ओळखायचं? विचारलं तर पळून जाईल."

"विचारायचं नाही," अंजली म्हणाली. तिने रुद्रचा फोन घेतला, त्याच्या एका नापास पिल्लाचं नाव बदलून 'चिंगळी इथे आलीय' असं केलं आणि ते पिल्लू पाठवणाऱ्याला उलट भेट धाडलं.

अंगणाच्या टोकाला क्रेटवर बसलेली एक मुलगी ताडकन उभी राहिली. सोळा-सतरा वर्षांची असेल. डोक्याला घट्ट स्कार्फ. हातात दादाचा फोन, कोपरा फुटलेला, त्यावर निळी चिकटपट्टी.

अंजली धावतच तिच्यापुढे गेली. "फोन दे. तो माझ्या दादाचा आहे."

"माहितीये," ती मुलगी म्हणाली. "मी भाग्यश्री. हे पॅकहाउस आमचंच आहे. तू त्याच्यासारखीच भुवया वर करतेस."

"चोरलास तू."

"त्याने दिला."

"कशावरून?" वैष्णवीने मध्येच विचारलं.

भाग्यश्रीने स्कार्फ मागे सारला. आत केस होते, पण नुकत्याच उगवलेल्या गवताएवढेच. "मी त्याच्या शेजारच्या खाटेवर होते. आजारही तोच. तो रोज मला अरेनात हरवायचा. मग त्याला चालवेना. चालल्याशिवाय अंडी कशी फुटणार? म्हणून त्याचा फोन घेऊन मी वॉर्डच्या व्हरांड्यात चालायचे. मला चालता येत होतं ना." तिने स्कार्फ पुन्हा पुढे ओढला. "मी बरी झाले."

हे तिने अशा आवाजात सांगितलं, जसं काही तिच्या हातून कुणाची वस्तू फुटली होती.

"शेवटी म्हणाला, पुसू नकोस, एकेकाला घर शोध. जे पुसत नाहीत, त्यांनाच दे. मी आधी तुमच्याच घरी आले होते. दोनदा. चष्मेवाले काका गेटवरच म्हणाले, इथे आता तो विषय नको."

अंजलीने विचारलं, "किती उरलीत?"

"मूठभर."

"मला दे. सगळी."

भाग्यश्रीने लगेच फोन पुढे केला. "घे. मी त्याला शब्द दिला होता, पण तुझा हक्क मोठा."

ती भांडली असती, तर बरं झालं असतं.

परतताना, तिसऱ्यांदा त्यांच्या घरी जायला, भाग्यश्रीही टेंपोत बसली. अंजलीने दादाचा फोन मांडीवर घेतला होता. त्यातली पिल्लं खुराड्यात दाटीवाटीने निजून होती. शेजारी रुद्रच्या फोनात मात्र 'चिंगळी रडकी' एका ताऱ्याच्या जोरावर इकडून तिकडे पळत, स्वतःच्याच शेपटीला अडखळून पडत होती. अंजली कधी या फोनाकडे, कधी त्या फोनाकडे पाहत राहिली. घर जवळ आलं तेव्हा ती भाग्यश्रीला म्हणाली, "आपण यांना घरं शोधू."

महेशकाका गेटवरच उभे होते. भाग्यश्रीला त्यांनी ओळखलं. वैष्णवीने सगळं सांगितलं, अगदी थापा मारून गेल्याचंही. काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. "मला वाटलं, समोर काही नसलं की दुखत नाही," ते म्हणाले. मग भाग्यश्रीकडे न बघता, "दोनदा परत पाठवलं मी तुला." आणि पोरांना म्हणाले, "मला जमलं नाही ते तुम्ही केलंत. शाबास."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीतली सगळी पोरं जमली. अंजली एकेकाचा फोन तपासत होती, मुलगी द्यायच्या आधी घर बघतात तसा. "पुसणार नाहीस ना? शपथ?" मग एक पिल्लू जायचं. प्रत्येक वेळी ती त्याचं नाव एकदा वाचायची, पण बोट मागे आलं नाही. भाग्यश्री तिच्या शेजारी बसून होती.

शेवटी एकच उरलं. ते ती स्वतःकडे ठेवणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. तेवढ्यात आई जिना उतरून आली.

"मला जमेल का गं सांभाळायला?" आईने विचारलं आणि स्वतःचा फोन पुढे केला.

रुद्रने त्यावर खेळ चढवला. अंजलीने पिल्लू पाठवलं. बिनशेपटीचं, बिनताऱ्याचं, सगळ्यांत नापास. आईने चष्मा लावून नाव वाचलं, 'डबा गरमच होता'.

त्या महिन्यांत आई रोज दोन बस बदलून डबा घेऊन हॉस्पिटलात जायची. पोचेपर्यंत गार होतो, लेकरू गार खातं, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. ते ती कुणापाशी बोलली नव्हती.

नवा मालक मिळाला, की खेळ एक प्रश्न विचारतो. तो पडद्यावर आला, 'नाव बदलायचं आहे का?'

आईने पदराने पडदा पुसला, मग डोळे. आणि बोट 'नाही'वर ठेवलं.