धबधब्यात क्रिकेट

"दोरा घट्ट धर, चष्मिस. तुझ्या बाजूला ढिला पडला की आपली बस समुद्रात जाईल."

स्टुलावर उभी राहून फौजदार भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत होती. लाल टाचणी म्हणजे देऊळ, निळी म्हणजे धबधबा. काकाच्या सहलीच्या ऑफिसात सुट्टीभर मदत करायला आलेल्या या तिघांत ती सर्वांत मोठी, आणि आवाजही तिचाच मोठा. तिला फौजदार हे नाव उगाच पडलं नव्हतं. तिचा चुलतभाऊ चष्मिस कॉम्प्युटर सांभाळायचा. आणि सतत तिच्या मागेमागे फिरणारी तिची धाकटी बहीण म्हणजे शेपूट.

दक्षिणेकडच्या सहलीचा सगळा आराखडा यंदा फौजदारने केला होता. कोरीव खांबांची देवळं, डोंगरातली देवळं, आणि शेवटी तो मोठा धबधबा. खरं तर ही सहल ठरली होती ती त्या धबधब्यासाठीच. आत्याचा डावा कान कधीच गेला होता, आता उजवाही हळूहळू मिटत चालला होता. एकदा ती सहज म्हणाली होती, "पूर्ण बहिरी व्हायच्या आधी एखादा दांडगा आवाज पोटभर ऐकायचाय." धबधब्याइतका दांडगा आवाज दुसरा कुठला? काकाने ते उचलून धरलं, शेजारीपाजारीही तयार झाले आणि बस भरली.

त्या संध्याकाळी सगळी मंडळी ऑफिसात जमली होती. फौजदार छडीने नकाशा दाखवत होती, शेजारचे घड्याळजी आजोबा मान डोलवत होते. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"पण उन्हाळ्यात... धबधब्याला पाणी असेल का?"

शेपूट नेहमी असंच बोलायची, हनुवटी छातीशी, शब्द ओठांच्या आतल्या आत.

फौजदारला वाटलं, आपल्या छडीवर कुणीतरी पाय दिला. तिने हनुवटी छातीशी नेली, खांदे आखडले आणि उंदरासारख्या आवाजात म्हणाली, "उन्हाळ्यात... शेपटीला अक्कल असेल का?"

नक्कल अगदी हुबेहूब होती. सगळे खो खो हसले, काका तर डोळे पुसायला लागला. शेपूट कुठे गेली ते कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार धबधब्याचा मोठा फोटो दारावर चिकटवत होती. नाक फोटोला टेकलं होतं, म्हणून तिला ते दिसलं. पुढे उभ्या असलेल्या माणसांनी रेनकोट घातले होते. तिने खण उघडून बाकीचे फोटो काढले. एकात छत्र्या होत्या. दुसऱ्यात रस्त्यावर पाण्याची डबकी. सगळे फोटो पावसाळ्यातले, आणि बस निघणार होती भर उन्हाळ्यात.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. क्षणभर असंही मनात आलं, की फोटो गुपचूप खणात टाकावा आणि शिट्टी वाजवत बाहेर जावं.

"काय झालं?" चष्मिसने विचारलं. "पाल दिसली का?"

"पाल परवडली. हे बघ."

त्याने पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे काल शेपूट..."

"माहितीये. बोलू नकोस."

काका आल्याबरोबर फौजदारने विचारलं, "काका, तुम्ही हा धबधबा उन्हाळ्यात बघितलाय?"

"मी?" काका फिरत्या खुर्चीत बसून एक गिरकी घेऊन आला. "अगं, मी कशाला बघायला पाहिजे? हलवाई सगळी मिठाई स्वतः खातो का? धबधबा तो धबधबा. खोल्या ठरल्या, बस ठरली. आता मला छळू नका, मी बसवाल्याकडे जाऊन येतो."

दार बंद झाल्याबरोबर चष्मिसने कॉम्प्युटर सुरू केला. धबधब्यासमोरच्या लॉजचा नंबर सहलीच्या यादीत होताच. त्याने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक जाड मिशांचे गृहस्थ आले आणि भराभर काहीतरी बोलले. या दोघांना एक अक्षर कळलं नाही.

"आता?" चष्मिस म्हणाला.

फौजदारने धबधब्याचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, दुसऱ्या हाताने पाणी कोसळल्याचा अभिनय केला आणि "कुठे?" अशी मान हलवली. मिशीवाले पोट धरून हसले. मग ते उठले आणि त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला.

समोर एक भलामोठा काळा कडा होता, वाळलेल्या शेवाळाचे पट्टे आलेला. पाण्याचा थेंब नाही. खाली, जिथे पाणी कोसळायला हवं होतं तिथल्या सपाट खडकावर, मुलं क्रिकेट खेळत होती.

"चौकार," चष्मिस हळूच म्हणाला.

फौजदारला हसू आलं नाही. आत्या त्या कड्यासमोर उजवा कान पुढे करून उभी राहिलेली तिला दिसली.

काका परतल्यावर दोघांनी त्याला सगळं सांगितलं. काकाचा चेहरा उतरला, पण थोडाच वेळ. "हे बघा, बाहेर बोलू नका. लोक देवळांत रमतात. तिथे पोचल्यावर सांगू, यंदा पाणी आटलं म्हणून."

"आणि आत्याला?"

"तिलाही तेच सांगू." तो नकाशाकडे बघत म्हणाला. "आणि हा आराखडा तुझाच आहे, विसरू नकोस. लोक तुलाच हसतील."

हे मात्र बरोबर लागलं. दिवसभर शेपूट जिन्यात बसली होती. तिच्यासमोरून जाताना फौजदार उगाच चपलेकडे बघायची. शेवटी ती चष्मिसजवळ जाऊन म्हणाली, "संध्याकाळी फोटो तूच दाखवणार ना? मग माझं ऐक."

संध्याकाळी ऑफिसात पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. काकाने भिंतीवर एकेक देऊळ दाखवलं, खांब दाखवले, कळस दाखवले. मग दिवा मंद करून म्हणाला, "आणि आता, मंडळी, ज्याची आपण वाट बघतोय तो..."

चष्मिसने फोटोऐवजी व्हिडिओ कॉलचं बटण दाबलं. मिशीवाल्यांनी लांबूनच हात हलवला आणि फोन खिडकीकडे वळवला. काळा कडा आख्ख्या भिंतीभर पसरला. खाली एका मुलाचा त्रिफळा उडाला.

मग घड्याळजी आजोबा म्हणाले, "धबधबा कुणाच्या मागे आहे? त्या यष्टिरक्षकाच्या?"

काकाने खुर्चीची पाठ धरली. गिरकी घ्यायला जागा नव्हती. "माझं चुकलं," तो पुटपुटला. "मी चौकशीच केली नाही. आणि आज कळल्यावरही गप्प बसलो."

"पण पोरांनी शोधून काढलं," आजोबा म्हणाले. "शाब्बास, फौजदार. मोठ्यांच्या वरताण डोकं चालवलंस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एरवी फौजदारने लवून मुजरा केला असता. आत्ता तिला त्या टाळ्या पाठीवर रट्ट्यांसारख्या लागत होत्या. शेपूट शेवटच्या खुर्चीत पाय दुमडून बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

आत्याने फौजदारची बाही ओढली. "काय म्हणाले गं? कशाला टाळ्या?"

"मला शाब्बास म्हणाले. पण ते माझं नाही."

"काय?"

"शेपूट कालच बोलली होती."

"पुटपुटू नकोस. नीट सांग बाई."

फौजदारने आजूबाजूला पाहिलं. आत्याला ऐकू जाईल असं बोलायचं म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू जाणार. तिने होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"शेपूटने कालच विचारलं होतं, पाणी असेल का म्हणून. मी तिची नक्कल केली. तिची अक्कल काढली. सगळ्यांना हसवलं. मला लाज वाटते, आत्या."

शेवटचं वाक्य बोलताना आवाज फाटला. काल खो खो हसलेले सगळे आता आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते.

"हे मला कालच का नाही कळलं?" आत्या म्हणाली. "मी तर तुम्ही हसलात म्हणून हसले." तिने मान वळवली. "इकडे ये गं, शेपूट."

शेपूट उठून आली. फौजदार तिला हळूच म्हणाली, "चुकलं माझं."

"नक्कल चांगली होती," शेपूट म्हणाली. "पण मला रडू आलं."

"हो."

आत्याने शेपूटला शेजारी बसवलं. "आता तूच सांग. तुझं काय म्हणणं आहे? कधी जायचं?"

शेपूटने हनुवटी छातीशी नेली. ओठ हलले. आत्याने उजवा कान पुढे केला आणि मान हलवली, नाही. काका काही सांगायला पुढे झाला, तसं आत्याने त्याला हातानेच थांबवलं.

शेपूटने फौजदारकडे पाहिलं. फौजदारने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. शेपूट खुर्चीवर चढली, दोन्ही मुठी आवळल्या आणि ओरडली, "पाऊस पडल्यावर!"

चष्मिसने कान झाकले.

"हां," आत्या म्हणाली. "हे आलं ऐकू."