तळ्याखालची राणी

“थांबवू का?” लेकीनं खालच्या मानेनं विचारलं.

“नको… चालू दे,” आई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर लेकीच्या नव्या सिनेमातली तळ्याखालची राणी एका चिमुरडीच्या मेलेल्या आईचे कपडे आगीत भिरकावत होती. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तो करडा आवाज… “डोळे पूस! गेलेली माणसं रडून परत येत नसतात!”

आईच्या काळजात चर्र झालं. चष्म्याची ती साखळी आत्ताही तिच्याच गळ्यात होती, ते वाक्यही तिचंच होतं! सावत्र लेकीनं इतक्या वर्षांचा राग असा पडद्यावर मांडला होता तर…

लेक काही आपणहून आली नव्हती. सिनेमा अगदी लहानग्यांना दाखवायचा की फक्त मोठ्या मुलांना, यावर गाडं अडलं होतं, आणि निर्मात्याला बालवाडीतल्या जाणत्या बाईंचं मत हवं होतं. आईची उभी हयात बालवाडीत गेलेली. म्हणून बाबांनीच फोन करून लेकीला घरी बोलावलं होतं.

आता एक ‘नको’ पुरे होता! राणी कापली गेली असती, आणि कुणी का म्हणून विचारलंही नसतं. पण मघाशी ती चिमुरडी चांदण्या गिळलेल्या माशाच्या पाठीवर बसून तळ्याच्या पोटात शिरली, तेव्हा आई स्वतःच श्वास रोखून बसली होती. हे सगळं माझ्या पोरीच्या डोक्यातून निघालं! अभिमानानं तिचा ऊर असा भरून आला, की त्यापुढे अपमान बापुडा कुठल्या कुठे गेला…

सिनेमा संपला.

“दाखव. अगदी लहानांनासुद्धा दाखव,” आई म्हणाली. “मुलं राक्षसिणीला घाबरतात, पण ते घाबरणं त्यांना आवडतं. मात्र आगीनंतर ती पोर अंधारात फार वेळ एकटी आहे गं… ते त्यांना सोसायचं नाही. तो मासा तिच्याकडे लवकर येऊ दे.”

“आणि… राणी?”

“राणीला हात लावू नकोस. झकास जमलीये!”

लेकीनं चमकून वर पाहिलं. “ती कोण आहे, कळलं ना तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? चष्मा तेवढा माझ्यापेक्षा भारी दिलायस.”

इतका वेळ खिडकीशी उभे असलेले बाबा एकदम पुढे आले.

“पोरी… तुझ्या आईचे कपडे हिनं नव्हते टाकले. मी टाकले! मला ते डोळ्यांसमोर नको झाले होते. हिनं माझे पाय धरले, निदान पोरीसाठी तरी ठेवा म्हणाली… आणि तू शाळेतून येऊन रडायला लागलीस, तेव्हा माझ्याआधी हीच पुढे झाली. ‘मी टाकले’ म्हणाली. मी गप्प बसलो… आजवर गप्प बसलो गं!”

“का?” लेकीनं आईचे खांदे गदागदा हलवले. “का घेतलंस तू अंगावर?”

“तुझी आई गेली होती. बाबांवरचाही विश्वास उडाला असता, तर तुला उरलं असतं कोण? माझ्यावर रागावणं सोपं होतं… मी नवीनच होते.”

“आई गं!” लेक तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. “मी बदलते सगळं… राणीला काढूनच टाकते!”

“खबरदार!” आई डोळे पुसत हसली. “इतकं सुंदर काम पश्चात्तापापायी नासवायचं नाही.”

पहिल्या खेळाला सभागृह चिल्ल्यापिल्ल्यांनी गच्च भरलं होतं. मायलेकी मागच्या रांगेत हातात हात घालून बसल्या होत्या. राणी आली, तशी किंकाळ्यांनी छत हाललं. पुढची एक एवढीशी मुलगी तोंड झाकून बसली आणि लगेच बोटांच्या फटीतून बघायला लागली.

आई लेकीच्या कानाशी वाकली. तिचा आवाज अभिमानानं थरथरत होता.

“बघ… अख्ख्या थिएटरला घाम फोडलाय मी!”