जुन्या डब्यातली झोप, नव्या डब्यातली झोप

चादर अंथरून झाली होती, उशी दोनदा थोपटून झाली होती, चपला बर्थखाली सारल्या होत्या. आता गाडी कधी सुटते याची वाट बघत मी खिडकीला टेकले, तेवढ्यात पडदा जरासा बाजूला झाला.

"ही जागा... बहुतेक माझी आहे," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

"बहुतेक? म्हणजे तुमचीच खात्री नाहीये."

"खात्री आहे हो. पण तुम्ही इतक्या ऐसपैस बसला आहात, की उठा म्हणायचं जिवावर आलंय."

मी पडदा पुरता सारला. उंच, किंचित वाकून उभा राहिलेला, खांद्याला बॅग आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर. आता अशा माणसाला बघून घाबरायला हवं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर असा काही संकोच होता, की मलाच धीट झाल्यासारखं वाटलं.

"माझा नऊ नंबर," मी म्हटलं. "या गाडीने मी लहानपणापासून जातेय. आत शिरलं की दुसरा कप्पा, खालची खिडकीची जागा. नऊ."

"ते जुन्या डब्यात. हा नवा केलेला आहे. यात बर्थ कमी आहेत आणि नंबर दुसऱ्या टोकापासून सुरू होतात. हा चोवीस."

"कुठे लिहिलंय?"

तो घुटमळला. मग स्क्रू-ड्रायव्हरने हळूच खूण केली. "तुमच्या... चादरीखाली."

मी चादरीचा कोपरा उचलला. बर्थच्या काठावर छोटी पट्टी आणि तीवर ऐटीत चोवीस.

"चादर घातली की दिसेनासा होतो अशा ठिकाणी नंबर लावणारा कोण तो शहाणा," मी म्हटलं, "त्याला एकदा भेटायचंय मला."

"भेटलात," तो म्हणाला.

मला वाटतं, माझ्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली. कारण पुढचं बोलायचं सोडून मी चादर परत त्या पट्टीवर ओढली.

तो रेल्वेच्या कारखान्यातला डिझायनर निघाला. जुना स्लीपर डबा आतून पार मोकळा करून हा नवा त्याने मांडला होता: बर्थला पडदे, उशाशी दिवा, जाड गादी, बंद काचा, चढायला धड शिडी. नमुना म्हणून असा एकच डबा तयार होता आणि तो जुन्या डब्यांच्या शेजारी जोडून चालवायला काढला होता. आणि मी? मी रेल्वेच्या प्रवासी-सोयी खात्यातली. दोन्ही डब्यांत झोपून बघायचं आणि कोणता बरा ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझ्या मतावर बाकीच्या डब्यांचं भवितव्य ठरणार होतं. या कामासाठी माझी निवड झाली ती हुशारीमुळे नव्हे. आमच्या मॅडमनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "हिला पाल चुकचुकली तरी जाग येते. हिला जिथे झोप लागेल तिथे कुणालाही लागेल."

"म्हणजे तुम्ही माझ्या परीक्षक," तो म्हणाला. मला तिथून उठवायला त्याने नकार दिला होता. तो माझ्या खऱ्या नऊ नंबरात जायला तयार होता.

"मी डब्याची परीक्षक आहे. तुमची नाही."

"सध्या तरी दोघांत फारसा फरक नाहीये."

गाडी सुटली तसा तो पडद्याबाहेर भिंतीला कान लावून फिरू लागला. जिथे बारीक खडखड ऐकू येईल तिथे कागदाची घडी फटीत खोचायची, आवाज थांबला की तिथे खडूने फुली मारायची, अशी त्याची कामाची रीत. भिंतीला कान लावलेला माणूस बघून एक बाई आपलं पोर जवळ ओढून बसल्या. मी तोंडावर हात धरून हसले. त्याने ते पाहिलं, आणि कान भिंतीलाच ठेवून, मोठ्या गंभीरपणे मान डोलावली.

"तुमच्याकडे काही वाजतंय का?" जरा वेळाने त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खोटं होतं ते. छाती बऱ्यापैकी वाजत होती.

सकाळी उठले तेव्हा काचेवर ऊन आलं होतं. मी चक्क रात्रभर झोपले होते. एकदाही कूस बदलल्याचं आठवत नव्हतं. मॅडमना काय सांगावं, गादीचं कौतुक करावं की पडद्यांचं, याचा विचार करत मी तोंड धुवायला निघाले, तर दाराशी तो चहाचे दोन कप घेऊन उभा.

"झोप?"

"लागली," मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला, की मला आपण उगाच फार मोठं बोलून गेलो असं वाटलं.

परतीचा प्रवास जुन्या डब्यातून होता. तोही होताच. जुन्यातलं काय वाचवण्यासारखं आहे ते त्याला बघायचं होतं, असं तो म्हणाला. मी मान्य केलं. मला मान्यच करायचं होतं.

जुना डबा म्हणजे आपल्या घरच्या मोडक्या कपाटासारखा. कुठे थाप मारली की दार लागतं ते सवयीने कळतं. रेक्झिन विटलेलं, पंख्याला बोटाने ढकलल्याशिवाय तो फिरायचं नाव घेत नाही, आणि मधला बर्थ साखळीवर टांगायचा. तो टांगला की खालच्यांना मान वर करून बसता येत नाही, त्यामुळे कधी झोपायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. समोर एक निवृत्त कंपाउंडरकाका आणि काकू होत्या. काकूंना लवकर झोपायचं होतं, काकांना बसून गप्पा मारायच्या होत्या, आणि दोघंही न्याय मागायला आमच्याकडे बघत होते.

"तुम्हा नवरा-बायकोचं काय ते ठरवा आणि सांगा," काकू म्हणाल्या. "म्हणजे मधला लावता येईल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. दोघांपैकी कुणीच काकूंची चूक दुरुस्त केली नाही. मी का नाही केली, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बाहेर पाऊस लागला, आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब थेट माझ्या खांद्यावर. जुन्या खिडकीचे दोन्ही खटके एकदम दाबले तरच ती खाली येते. एक माझ्या बाजूला, एक त्याच्या. "एक, दोन... आता," तो म्हणाला. खिडकी धाडकन खाली आली आणि तिच्या काठावर आमचे हात एकमेकांवर राहिले. त्याचा ओला, माझा गार. मी काढला नाही. त्यानेही काढला नाही. कंपाउंडरकाका मात्र अगदी मन लावून औषधांच्या साइड इफेक्ट्सबद्दल बोलत होते.

"नव्यात हे होणार नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय होणार नाही?"

"गळती."

"हो... गळती," मी म्हटलं.

मग मधला बर्थ लागायच्या आधी, इतर सगळे आपापल्या उशा शोधत असताना, त्याने ते सांगितलं. त्याचा डबा पास झाला तर सगळे जुने डबे तसेच करायचे होते. ते काम दूरच्या मोठ्या कारखान्यात होणार, दोन रात्रींचा रस्ता, आणि ते पुरं होईपर्यंत तो तिकडेच. काही वर्षं तर सहज.

"आणि नापास झाला तर?"

"तर इथेच. जुन्यांना रंग मारत."

"तुम्हाला काय हवंय?"

त्याने मधल्या बर्थची साखळी हातात घेतली. "चार वर्षं या डब्यामागे लागलोय मी," एवढंच म्हणाला.

त्या गळक्या, खडखडणाऱ्या डब्यात, समोर काका घोरत असताना, मी पुन्हा पोटभर झोपले. म्हणजे आता काय म्हणायचं? पाल चुकचुकली तरी उठणारी मी!

"तुला डबा आवडलाय की डबेकरी?" घरी ताईने विचारलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि हे वाक्य बोलायला तिला कपडे वाळत घालायचं थांबवावंसुद्धा वाटलं नाही.

"मला काहीच कळत नाहीये ग."

"मग एवढी लाल का झालीस?"

मला खरंच कळत नव्हतं. नवा चांगला म्हणावं, तर तो जाणार. जुना बरा म्हणावं, तर तो राहणार, पण रंग मारत, आणि माझ्यामुळे. आणि खरं काय ते तर मला माहीतच नव्हतं. दोन्हीकडे झोप लागली होती आणि दोन्हीकडे तो होता. मला त्याचा राग येऊ लागला. असा काय हा माणूस, नेमका परीक्षेच्या दिवशी पेपरवर येऊन बसलेला. मग राग कुठल्या कुठे जाई, आणि खिडकीच्या काठावरचा तो हात आठवे.

शेवटी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे तुला झोप कशाने लागली ते तुला माहीत नाही."

"नाही."

"मग एकटी जा. जाताना जुना, येताना नवा. त्याला सांगायचं नाही." मी दारापर्यंत गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आणि पोरी, खरं तेच सांग. डबा पुढची वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या पाठीखाली राहणार आहे."

मी एकटी गेले. जुन्या डब्यात डोळ्याला डोळा लागला नाही. साखळी कुरकुरत होती, कुणीतरी दिवा लावत होतं, कुणीतरी विझवत होतं, गळक्या कोपऱ्याखाली मी टॉवेल धरून बसले होते. येताना नव्यात पडदा ओढला. त्याच्या खडूच्या फुल्या कुणीतरी पुसल्या होत्या आणि खडखड कुठेच नव्हती. बराच वेळ मी त्याच्या आठवणीने जागी राहिले. आणि मग, अगदी नको असताना, झोप लागली. शहाण्यासारखी, सकाळपर्यंत.

सकाळी त्या मऊ गादीवर बसून मी रडले. इतका चांगला डबा कुणी करतं का?

मॅडमना मी खरं तेच सांगितलं. नंबर चादरीखालून काढून वर लावावेत, पडद्यांना शेजारच्याशी बोलण्यापुरती फट असावी. बाकी डबा उत्तम आहे, सगळे असेच करा. मग मी तडक यार्डात गेले. त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला चालणार नव्हतं.

तो नव्या डब्याच्या पायरीवर बसला होता, हात ग्रीसने माखलेले. मला बघून उठायला लागला.

"बसा," मी म्हटलं. "तुमचा डबा पास झाला."

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो उठता उठता परत पायरीवर बसला.

"तुम्ही एकट्या गेला होतात म्हणे."

"हो. तुम्ही असलात की मला कुठेही झोप लागते, त्यामुळे डब्याचं काही कळत नव्हतं." एवढं बोलून गेल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला तुम्ही आवडता. डबाही चांगला आहे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला दुसऱ्यांदा जावं लागलं. आता जा तुम्ही खुशाल. पण हे ऐकून जा."

तो हात पुसायला काही शोधू लागला, सापडलं नाही, शेवटी शर्टालाच पुसले.

"मी काय करत होतो सांगू?" तो म्हणाला. "रोज सकाळी उठून मनात म्हणत होतो... नापास करू दे. चार वर्षं ज्याच्यासाठी घालवली, त्याचंच वाईट चिंतत होतो. मला वाटलं, माझं डोकं फिरलंय."

"माझंही फिरलंच होतं."

"मग पास का केलंत?"

"कारण तो चांगला आहे. आणि नापास केला असता, तर रोज रंग मारताना तुला बघावं लागलं असतं." तुम्हीचं तू कधी झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. त्याच्या आलं. त्याचे कान लाल झाले.

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसले. समोरून एक इंजिन रिकामंच गेलं. त्याने ग्रीस लागलेला हात पुढे करावा की नको अशा विचारात अर्धवट पुढे केला, आणि मी तो धरला.

"दोन रात्रींचा रस्ता आहे," तो म्हणाला. "येशील?"

"येईन."

"कुठल्या डब्यातून? नवे डबे तिकडच्या गाडीला लागायला वेळ आहे अजून. जुन्यात तुला एकटीला झोप येणार नाही."

"नाही आली तर नाही आली," मी म्हटलं. "तुझ्याकडे यायचंय मला. झोपायला थोडीच यायचंय."