पिंपावर वाजवू नये

आमच्या हाइडलग्राबेन गावच्या तळघरांच्या गल्लीत एकेचाळीस दारं आहेत आणि धुरांडं एकही नाही. तिथे कोणी राहतच नाही ना! राहते ती वाईन. माणसं वर गावात राहतात. शनिवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी छोटी बस थांबली की आम्ही समजून जातो, आले. मऊ चामड्याचे बूट, गळ्यात रेशमी रुमाल. युरोपभर वाईन चाखत हिंडणारी जमात. मागच्या आठवड्यात बरगंडी, पुढच्या आठवड्यात पिदमाँत, आणि मधल्या फावल्या वेळात आम्हा गरिबांवर उपकार. पेल्यात नाक बुडवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "जर्दाळू... ओला दगड... घोड्याचं खोगीर." अरे, खोगीर कधी चाटून पाहिलंयत का? मग थुंकतात. वर्षभर राबून केलेली वाईन थुंकतात, आणि वर आम्हालाच शिकवतात.

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे राइमुंड होल्त्सर. व्हिएन्नाचा. वाईनला गुण देणारा. लोक त्याला प्रोफेसर म्हणायचे. कशाचा, ते कोणी विचारलं नाही. नाकानं कांदे सोलणारा माणूस, आणि त्या नाकावरच त्याचं पोट. सरदाराच्या वाड्यातली वाईन असो की मठातली, एक घोट घेऊन ओठ असे वाकडे करायचा की ऐकणाऱ्याला आपल्या सात पिढ्यांची लाज वाटावी.

आता गंमत ऐका. जानेवारीत त्याला ताप आला होता. ताप उतरला, आणि नाक गेलं. साफ गेलं. कॉफी म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे नुसता फेस. दहा महिने झाले, कोणाला पत्ता नाही. बायकोलाही नाही. कारण त्याला एक युक्ती सापडली होती : नावं ठेवायची. जो चांगलं म्हणतो त्याला लोक विचारतात, का चांगलं? जो तुच्छतेनं पेला बाजूला सारतो त्याला कोणी काही विचारत नाही. दहा महिने गडी नुसत्या तिरस्कारावर जगला. पण येत्या गुरुवारी त्याला परीक्षकांच्या सभेत बसायचं होतं. झाकलेल्या बाटल्यांतले सहा पेले, आणि समोर बसून ते ओळखायचे. तिथे ओठ वाकडे करून भागणार नव्हतं. तिथे तो उघडा पडणार होता, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाआधीच्या शनिवारी, दुपारी तीनला, धुकं असं उतरलेलं की समोरचं दार दिसेना, त्या वेळी तो पाच पाहुणे घेऊन बुर्गी लोइडलच्या तळघरात आला. बुर्गी आमची एकाहत्तर वर्षांची. नवरा फेर्डल जाऊन नऊ वर्षं झाली, तरी द्राक्षं स्वतः खुडते. दारात मेणबत्ती घेऊन उभी होती.

"या, प्रोफेसरसाहेब. डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे."

"चौकट काय, सगळंच ठेंगणं दिसतंय," होल्त्सर म्हणाला. पाहुणे हसले. हसण्याचेच तर पैसे भरून आले होते.

आत पिवळ्या मातीत खोदलेलं लांबट भुयार. भिंतींवर काळी बुरशी, मांजराच्या अंगासारखी मऊ. दोन्ही बाजूंना पिंपं. पार मागे खालच्या खोलीत उतरणाऱ्या अठरा पायऱ्या, आणि खालून मंद बुडबुड... बुडबुड... उशिरा खुडलेल्या द्राक्षांचा रस अजून आंबत, उकळत होता.

बुर्गीनं पावावर डुकराची चरबी आणि कांदा लावून ताट फिरवलं आणि आमच्याकडे पहिल्यापासून सांगतात ते सांगितलं. "तळघरात भांडायचं नाही. शिट्टी मारायची नाही. मेणबत्ती विझली की पुढे पाऊल टाकायचं नाही, उकळत्या रसाचा विषारी वायू नाकाला कळत नाही. आणि पिंपावर वाजवायचं नाही. वाजवलं, तर फळीचे तीन फटके ढुंगणावर. मग तो राजा असो."

"अगं बाई!" लिंत्सहून आलेल्या दातांच्या डॉक्टर मूसरची बायको खिदळली.

पहिला पेला आला. होल्त्सरनं हुंगल्यासारखं केलं, चोरून मूसरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि थुंकदाणीत पिचकारी मारली. "पाणचट."

"मला जरा मिरीसारखं..." मूसर चाचरत म्हणाला.

"वाटतंय. वाटणं आणि असणं यात फरक असतो, डॉक्टर. दात उपटताना तरी तुम्हाला तो कळत असेल, अशी आशा आहे."

मूसरनं पेला खाली ठेवला. बुर्गी मात्र होल्त्सरच्या नाकाकडे बघत राहिली. म्हातारी काही कच्ची नाही. आत गेली, काचेची नळी पिंपात बुडवून दुसरा पेला भरून आणला. "ही बघा बरं. दुसऱ्या उतारावरच्या द्राक्षांची."

होल्त्सरनं पेला फिरवला. "ही बरी. जरा अंग आहे. फळ आहे. पहिलीशी तुलनाच नको."

"पण बाई," मूसरची बायको न राहवून म्हणाली, "तुम्ही तर त्याच पिंपातून काढलीत. मी पाहिलं."

होल्त्सरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाच जोड डोळे त्याच्या नाकावर. दहा महिन्यांत पहिल्यांदा चोर पकडला गेला होता, आणि पकडलेला चोर करतो तेच त्यानं केलं : आरडाओरडा.

"ही काय फसवाफसवी? आणि ह्यात काय आहे? हे कोपऱ्यातलं? का हेही तुमच्या गावासारखं पोकळ?" असं म्हणून त्यानं बोटातल्या जाड अंगठीनं त्या पिंपावर दणादण तीनदा वाजवलं.

आवाज भरल्या पिंपाचा आला नाही. रिकाम्याचाही आला नाही. आणि मग आतून, अगदी सावकाश, एकदा वाजलं.

पाहुणे टाळ्या पिटून हसले. त्यांना वाटलं, म्हातारीनं काही खुबी करून ठेवली आहे. बुर्गी हसली नाही. तिनं भिंतीवरची फळी काढली.

"वाका, प्रोफेसरसाहेब."

"काय?"

"वाका. तीन फटके. हळूच मारीन... पण घ्या. आत्ता, लगेच. ते पिंप फेर्डलचं आहे. तो गेल्यापासून मी उघडलेलं नाही."

"अहो घ्या की, गंमत आहे!" मूसर म्हणाला. त्याला मनातून फारच बरं वाटत होतं.

आता आमच्यातला कोणी असता तर मुकाट वाकला असता. आमच्या पाद्रीबाबांनीही एकदा फटके खाल्लेत आणि वर पेलाभर प्याले. पण होल्त्सर! मंत्र्यांच्या पंगतीला बसणारा! "मी? तुमच्यासमोर? एका खेडवळ बाईसमोर ढुंगण वर करू? वेड लागलंय का?"

"मग वर जा. या घडीला जा. मागे वळून..."

पण तो ऐकत नव्हता. तो थिजला होता. त्याला वास आला होता.

दहा महिन्यांनी पहिला वास! तंबाखूचा. जुनाट, पाइपमधल्या तंबाखूचा. त्यामागून ओली लोकर, आणि त्याच्याही मागून कापराचा झणका. होल्त्सरच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं झडप घालून पेला उचलला, नाक आत खुपसलं. काही नाही. पाव हुंगला. काही नाही. फक्त तो एकच वास... आणि तोही लांब लांब चाललेला. मागच्या पायऱ्यांकडे.

"पाइप कोण ओढतंय?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही," मूसर म्हणाला.

"तंबाखू... ओली लोकर... कापूर."

बुर्गी खाली बसली. फळी मांडीवर. "फेर्डल गुडघ्याला चोळायचा तो कापूर. हे कोणाला माहीत नव्हतं." मग घाईघाईनं, "साहेब, ऐका माझं. नऊ वर्षांपूर्वी असाच रस उकळत होता. मेणबत्ती विझली, तर हसला. म्हणाला, मला मेणबत्ती कशाला, मला नाक आहे. असाच होता, कोणाला मोजायचा नाही. दुसऱ्या दिवशी खाली सापडला... पिंपाच्या तोंडावर नाक टेकलेलं. नका जाऊ खाली. पाया पडते."

होल्त्सरला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण त्याच्या डोक्यात गुरुवार होता. झाकलेल्या सहा बाटल्या, आणि कुजबुजणारे ते सगळे, ज्यांना त्यानं वीस वर्षं कस्पटासमान लेखलं होतं. त्यानं तिच्यापुढची मेणबत्ती उचलली आणि निघाला.

तिसऱ्या पायरीवर त्याला ओल्या मातीचा वास आला. पाचवीवर पावाचा. सातवीवर कॉफीचा, अगदी आईच्या स्वयंपाकघरातल्या. सगळं परत येत होतं! ज्योत बारीक झाली होती, निळसर. नववीवर त्याच्या बायकोच्या मानेवरचा लव्हेंडरचा साबण आला आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, पोरासारखा.

अकराव्या पायरीवर मेणबत्ती विझली.

खाली बुडबुड... बुडबुड... छाती जड झाली होती. तो थांबला. उरलेल्या सात पायऱ्यांच्या तळाशी खालच्या पिंपांतली वाईन होती, आणि तिचा वास अजून आला नव्हता. तंबाखूवर आणि साबणावर गुरुवार निभणार नव्हता. वाईनच हवी होती.

"फक्त तळापर्यंत," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि उतरला.

वाईन आली. पिकलेलं नाशपती, अक्रोडाची साल, मिरी... भरभरून. त्यानं अंधारात तोंड वर करून ती ओढून घेतली. आणि तेव्हा त्याला ऐकू आलं की शेजारी आणखी कोणीतरी हुंगतंय. सावकाश... लांब... जाणकार माणूस हुंगतो तसं. त्याच्या कॉलरपाशी... मग कानामागे... मग अगदी तोंडासमोर. कापराचा वास डोळ्यांत गेला.

हुंगणं थांबलं. अंधारात कोणीतरी ओठ वाकडे केल्याचं त्याला कळलं. कसं कळलं ते विचारू नका.

"पाणचट," आवाज म्हणाला.

वर बुर्गी जपमाळ ओढत होती. मूसरनं मोबाइलवरून बंबवाल्यांना बोलावलं होतं, पण ते शेजारच्या गावाहून यायचे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. तसल्या हवेत माणूस पाच मिनिटं टिकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पंचविसाव्या मिनिटाला, बंबवाले पोचायच्या आधीच, पायऱ्यांवर पावलं वाजली आणि होल्त्सर चालत वर आला. चेहरा पांढरा, पण हसरा. त्यानं टेबलावरचा पेला उचलून एकदाच हुंगला.

"मिरी," तो म्हणाला. आवाज बारीक होता. "वरचा उतार. डावीकडच्या ओळी, अक्रोडाच्या झाडाशेजारच्या. जूनमध्ये गारा लागल्यात हिला."

अगदी बरोबर होतं. गारांचं तर आमच्याशिवाय कोणाला माहीतही नव्हतं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. ह्यालाच म्हणतात नाक!

"साहेब, आता तरी फटके घ्या," बुर्गी हात जोडून म्हणाली. "अजून वेळ आहे... कदाचित."

"ठेवा तुमची फळी," तो म्हणाला. हे शब्द तर जेमतेम ऐकू आले. तो तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

बसमध्ये तो खिडकीशी एकटा बसला. काय सुख होतं! पुढच्या पिशवीतलं संत्रं, ड्रायव्हरच्या डब्यातली लसूण घातलेली सॉसेज, मूसरच्या बायकोचं अत्तर, सगळं त्याला वेगवेगळं येत होतं. गुरुवारी तो एकेकाला लोळवणार होता. बाहेर कडाक्याची थंडी, त्यात बसचा हीटर बंद. सगळ्यांच्या श्वासानं काचा धुरकटल्या होत्या. मूसरच्या बायकोनं बोटानं काचेवर बदक काढलं. होल्त्सरची काच मात्र लख्ख होती. तिच्यातून धुक्यातल्या वेली दिसत होत्या.

त्याला आधी काही वाटलं नाही. मग त्यानं काचेला तोंड लावून फुंकर मारली.

काच लख्खच राहिली.

त्यानं श्वास आत ओढला. तो गेला, वास घेऊन गेला. आणखी ओढला, आणखी गेला. बाहेर सोडायला गेला... काही सुटेना. तळघरातून वर येऊन बोललेले शब्द म्हणजे छातीत उरलेला शेवटचा वारा होता, ते आता त्याच्या ध्यानात आलं. तो वळला, मूसरची बाही धरली, तोंड उघडलं. शब्दाला वारा लागतो. तो नव्हताच.

"काय हो प्रोफेसर?" मूसरनं विचारलं.

होल्त्सर नुसता बघत राहिला, तोंड अर्धवट वाकडं, डोळे तारवटलेले. मूसरनं तो चेहरा दिवसभर पाहिला होता. त्यानं बाही सोडवून घेतली. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "अजून मस्ती जिरली नाही. आपल्याशी बोलणं म्हणजे कमीपणा." आणि दोघांनी पाठ फिरवली. व्हिएन्ना येईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

गुरुवारी त्यानं सहाही पेले कागदावर बरोबर लिहिले म्हणे. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला, तर नुसता बघत बसला. काय तो तोरा, असं लोक म्हणाले. त्याची कीर्ती दुप्पट झाली. आता कुठेही नेतात, पेला पुढे ठेवतात, तो हुंगतो आणि लिहितो. कोणाशी बोलत नाही. मोठ्या माणसाला ते शोभतंच.

ईस्टरच्या आधी त्याची बायको एडेलट्राउड एकटीच बुर्गीकडे आली होती. चांगली बाई, लव्हेंडरचा वास येणारी. काही प्यायली नाही. दाराशी उभ्यानंच तिनं विचारलं, "आजी, इथे नेमकं काय झालं हो त्यांना?"

बुर्गीनं उलट विचारलं, "का?"

"रात्री शेजारी झोपते ना मी..." ती म्हणाली. "श्वास आत घेतल्याचा आवाज येतो. मी वाट बघते. पहाटेपर्यंत वाट बघते. मग पुन्हा आत घेतल्याचाच येतो."

बुर्गीनं तिला आत घेतलं नाही. दाराला कडी घालून ती तिच्याबरोबर बसपर्यंत चालत गेली.