येतो म्हणून गेलेला

मोबाइल खाली ठेवा, पोरांनो. जानकीपुरमच्या आमच्या धैर्यशीलच्या बाबतीत घडलेलं आहे, थट्टेवारी नेऊ नका.

गेल्या पौषातली अमावास्या होती. अंधार पडल्यावर धैर्यशील विकास नगरातल्या एका गॅरेजात निघाला, जाब विचारायला. त्याचा मित्र दत्तात्रय, बँकेतला. दत्तात्रयच्या गाडीखाली इंजिनातलं तेल ठिबकायचं. गॅरेजमालकानं गळती शोधायचे कष्टच घेतले नाहीत. फडक्यानं इंजिन पुसून चकचकीत केलं आणि जरासं पाझरतंय इतकंच, असं भासवत म्हणाला, "थोड़ा पसीज रहा है साहब, कुछ नहीं होगा."

दत्तात्रयनं विश्वास ठेवला. निघताना म्हणाला, "अच्छा भैया, आता हूँ." इथले हिंदी बोलणारे लोक निघताना 'चलता हूँ' म्हणतात. हा आपलं 'येतो' तसंच हिंदीत नेऊन ठेवायचा. सगळे हसायचे त्याला.

दोन दिवसांनी बख्शी का तालाबच्या रस्त्यावर तेच तेल तापलेल्या सायलेन्सरवर गळून गाडी पेटली. दत्तात्रय आतच राहिला. आणि हा निर्लज्ज गॅरेजमालक दत्तात्रयच्या बायकोला, मालिनीवहिनींना म्हणतो, साहेबांनी गाडी दाखवलीच नव्हती, चूक त्यांचीच! मेलेल्या माणसावर ढकललंन. धैर्यशीलचं डोकं फिरणार नाही तर काय?

बाहेर दाट धुकं होतं. गॅरेजात मालक एकटाच बसला होता. धैर्यशीलनं त्याला फैलावर घेतलं. पण त्याचं एकच पालुपद, साहब आए ही नहीं थे.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला...

"अच्छा भैया, आता हूँ."

मालक पांढराफटक पडला. "रोज़... रोज़ आते हैं..."

टप्.

रिकाम्या फरशीवर तेलाचा थेंब. वर नुसता पत्रा. मालकानं फडक्यानं पुसला.

टप्.

पुन्हा पुसला.

टप्... टप्...

धैर्यशीललाही घाम फुटला होता. पण राग भीतीहून मोठा होता.

"पोंछते रहिए," तो म्हणाला. "वही तो आता है आपको."

मालकाचं फडकं गळून पडलं. धैर्यशीलनं वहिनींना फोन लावून त्याच्या कानाला धरला.

"बहनजी... गाड़ी आई थी. मैंने... सिर्फ़ पोंछी थी."

टपटप थांबली.

धैर्यशील तडक वहिनींकडे गेला. त्या दारातच उभ्या होत्या, गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत.

"भावजी, त्या दिवशी घरातूनही हे 'येतो' म्हणूनच निघाले होते."

तिथल्या, संध्याकाळीच धुतलेल्या फरशीवर तेलाचा एक थेंब होता. धैर्यशीलनं बोट लावलं.

गरम.

वहिनींनी तो आजवर पुसलेला नाही.