पट्टे मोजायचे दिवस

धुरपताने गोफणीतून भिरकावलेलं ढेकूळ खारीला लागलं नाही. कुंपणापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या टोपीला लागलं.

"अवो बाई, मी खार दिसतो काय?" टोपी झटकत तो म्हणाला.

"उडी तं तशीच मारली तुमी!" धुरपता बोलून गेली आणि मग कानापर्यंत लाजली...

तो पुनाजी. जंगल खात्यात नवाच लागलेला, गिरडच्या टेकडीवर सागाची झाडं मोजायला आलेला. धुरपता गोमाजीची एकुलती एक लेक. डाळिंबाची ही बाग तिच्या मायने लावलेली. माय गेली, आणि यंदा खारींनी इतकी फळं फोडली, की गोमाजीने ठरवूनच टाकलं होतं – संक्रांत झाली की झाडं तोडायची, पुढे तिथे कापूस पेरायचा.

धुरपताच्या तोंडून हे ऐकून पुनाजीचं हसू मावळलं. "खारी कोणत्या हायेत? तीन पट्ट्यांच्या का पाच?"

"खार म्हणजे खार!"

"नाई वो. तीन पट्ट्यांची जंगलातली. तिची शेपटी खालून तांबूस राह्यते. ते फांद्यांवरून येते, म्हणून बांधावरच्या फांद्या छाटा लागते. पाचवाली घराजवळची. तिच्या बाजूच्या दोन रेघा फिकट, पटकन दिसत नाई. ते असंन तं घरटं इथंच कुठी तरी."

मग रोज दुपारी, भाकर खाऊन झाली की तो यायचा. दोघं आंब्याखाली दबकून बसायची. समोर खार दोन्ही हातांत दाणा धरून कुरतडायची.

"तीन... नाई, चार..." धुरपता कुजबुजायची.

"पुन्हा मोज," पुनाजी म्हणायचा. त्याची नजर मात्र खारीवर नसायची.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी गोमाजी कुऱ्हाड घेऊनच बागेत आला. "संक्रांतीपर्यंत थांबून काय करू? रोज दहा फळं जाऊन राह्यली."

धुरपता झाडाला पाठ लावून उभी राहिली. "बा, थांब! पाच पट्टे हायेत. पैल्याच दिवशी मोजले होते मी!"

पुनाजी खाली बघत म्हणाला, "मीबी."

"मंग सांगतलं काऊन नाई?" गोमाजीने विचारलं.

"सांगतलं असतं तं... दुसऱ्या दिवशी कायले आलो असतो?"

गोमाजीने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. कुऱ्हाड खाली ठेवली.

त्याच दुपारी गोठ्याच्या छपरात तीन घरटी सापडली. पिल्लं नव्हती. पुनाजीने ती काढून भोकं बुजवली, बुंध्यांना पत्रे गुंडाळले. धुरपताने एकेक फळ चिंधीत बांधलं. पुढच्या पंधरा दिवसांत दोनच डाळिंबं फुटली. झाडं तोडायचं गोमाजीने पुन्हा काढलं नाही.

आणि मग पुनाजीची कारंज्याला बदली झाली.

तो सांगायला आला, तेव्हा ती विहिरीवर पाणी शेंदत होती. "जाता म्हणे तुमी?"

"जातो... पण एकटं जावंसं वाटून नाई राह्यलं."

दोर तिच्या हातातच थांबला. "हे मले काय सांगता? बाले इचारा."

"काल इचारलं. ते म्हणे, पोरीले इचार."

धुरपताने बादली वर ओढून विहिरीच्या काठावर ठेवली. मग तिने हळूच मान वर केली.

"कारंज्याले डाळिंब लावाले जागा हाय काय?"

"हाय... घरामागं हाय थोडी."

"मंग मायच्या झाडाची कलमं बांधून ठेवतो," ती म्हणाली. "लगन झालं की संगच नेऊ."